मायनरची शेवटची अट

विद्यार्थिनी : ट्रेवॅरो, मार्लिस जे. वर्गवारी : अपारंपरिक, म्हणजे वयाने पंचवीसच्या पुढची; किती पुढची, याला रकाना नाही. उपस्थिती : अर्धवेळ. मेजर : समाजसेवा प्रशासन. मायनर : समाजशास्त्र. मायनरच्या अटी : प्रास्ताविक अभ्यासक्रम, सिद्धान्त, संख्याशास्त्र, दोन ऐच्छिक विषय आणि क्षेत्रकार्यासह संशोधनपद्धती. सर्व विषयांत किमान 'सी' श्रेणी. दहा वर्षांपेक्षा जुनं क्रेडिट ग्राह्य नाही. मेजरमध्ये धरलेला विषय मायनरमध्ये पुन्हा धरला जाणार नाही. स्थिती : शेवटची अट बाकी. शेरा : विभाग येत्या उन्हाळ्यात बंद होत असल्याने सदर अट पुढे ढकलता येणार नाही.

या नोंदीत एक अक्षर खोटं नाही. युनिव्हर्सिटीच्या नोंदी खोट्या नसतात. त्या फक्त सोयीच्या जागी थांबतात.

मार्लिस चोपन्न वर्षांची होती. ऑटर लेकमध्ये, बंद पडलेल्या कागद मिलच्या मागच्या गल्लीत ती वडिलांसोबत राहायची. ट्रेवॅरो हे आडनाव ज्या नवऱ्याकडून आलं, तो एकदा ट्रक घेऊन मिनेसोटाला गेला आणि त्याला तिकडे आवडलं. आडनाव बदलून घ्यायला तिला सवड झाली नाही. वीसेक वर्षं ती काउंटीच्या वृद्धसेवा कार्यालयात होती. काम असं, की म्हाताऱ्यांच्या घरी जायचं, जेवलात का विचारायचं, पडलात का विचारायचं, आणि दोन्हींची उत्तरं खोटी आहेत हे गृहीत धरून एकदा फ्रीज उघडायचा, एकदा गुडघे बघायचे. मग अहवालावर सही करायची.

घोळ त्या सहीचा झाला. अशा अहवालावर पदवीधराचीच सही हवी असा नियम राज्याने काढला आणि जुन्या लोकांना पदवी मिळवायला काही वर्षं दिली. त्यातलं शेवटचं वर्ष आता चालू होतं. तिचा साहेब भला माणूस होता. त्याने तिला खुर्चीत बसवून सांगितलं होतं, "मार्लिस, तुला कोणी काढत नाहीये. फक्त तुझी जागा काढताहेत."

पदवी तिने तरुणपणी अर्धी करून सोडली होती. ती पुढे सुरू करताना कळलं की मेजरला, म्हणजे मुख्य विषयाला, जोडून एक मायनर, म्हणजे दुय्यम विषय, लागतंच. समाजशास्त्र तिने घेतलं, कारण त्याचे तास मंगळवारी संध्याकाळी असत. सोमवारी बोलिंग, गुरुवारी चर्चचं गायन, शनिवारी सौना, म्हणजे घरामागचं वाफेचं स्नान. मंगळवार मोकळा होता. समाजशास्त्राकडे वळायची याहून उदात्त कारणं असलेली मुलं वर्गात बरीच होती, पण दुसऱ्या सहामाहीपर्यंत त्यातली निम्मी गळाली.

प्रास्ताविक विषय तिने विशीत केलेला होता. ते क्रेडिट मुदतीबाहेर गेलेलं, म्हणून समाज नावाची गोष्ट असते हे ती पुन्हा एकदा शिकली. पाठ्यपुस्तकात कारखाने बंद पडण्यावर एक प्रकरण होतं आणि त्यात ऑटर लेकच्या मिलच्या फाटकाचा फोटो होता. खाली गावाचं नाव दुसरंच होतं. तिने हात वर करून ते सांगितलं. पुढच्या बाकावरचा मुलगा वळून म्हणाला, "आजी, तो फक्त नमुना आहे." नमुना तर तो होताच.

संख्याशास्त्रात ती एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा निघाली. सिद्धान्तात आणि दोन्ही ऐच्छिक विषयांत निघाली. राहिलं क्षेत्रकार्य.

समाजशास्त्र विभाग म्हणजे तोपर्यंत डॉ. निना फार्बर एकट्याच उरल्या होत्या. बाकीचे निवृत्त झाले, एक जण दक्षिणेकडे गेला, आणि रिकाम्या खुर्च्या युनिव्हर्सिटीने भरल्या नाहीत. डॉ. फार्बर बाल्टिमोरच्या. वय चाळिशीच्या आत. उन्हाळ्यात त्यांचीही नोकरी संपणार होती, त्यामुळे त्यांच्या खोलीतली पुस्तकं अर्धी फळीवर आणि अर्धी खोक्यांत असत. हवं ते पुस्तक नेमकं खोक्यात असायचं.

"मला निना म्हणा," असं त्या पहिल्या तासापासून सांगत होत्या.

"हो, डॉक्टर फार्बर," असं मार्लिस पहिल्या तासापासून म्हणत होती.

विषय तिने निवडला तो असा : मिल बंद झाल्यावर माणसांचं काय झालं. सोपा वाटला होता. पण त्या माणसांतली बरीच मेलेली, आणि जी जिवंत होती त्यातले बहुतेक काउंटीच्या यादीवर, म्हणजे तिच्याच कामातले. त्यांना कॉलेजसाठी बोलतं करायला काउंटीची मनाई. यादीबाहेर राहिलेला आणि रोज समोर दिसणारा एकच माणूस होता. तो स्वयंपाकघरात खिडकीशी बसून एकट्याने पत्ते खेळायचा.

आर्वो पेल्टोमा. मार्लिसचा बाप. वय एक्याऐंशी. मिल बंद होईपर्यंत मिलमध्येच, त्यातली पहिली बरीच वर्षं ब्लीचच्या खात्यात, जिथे लगदा पांढरा करताना क्लोरिन सुटायचा. सिगारेटची चव बदलली की बाहेर पळायचं, एवढंच संरक्षणाचं शिक्षण त्यांना मिळालेलं. त्या हवेचं फळ म्हणून आता त्याच्या नाकाखाली नळी होती आणि मागे चाकांवरचा ऑक्सिजनचा सिलेंडर. डॉक्टरांनी नेमकं काही सांगितलं नव्हतं, पण पुढच्या वर्षाचं कॅलेंडर घेण्याची घाई करू नका अशा सुरात ते बोलले होते.

डॉ. फार्बर म्हणाल्या, "मुलाखत घ्यायच्या आधी नीती मंडळाची मंजुरी लागेल. माणसांवर संशोधन आहे ना. सहभागी आजारी आहे, म्हणजे लवकरच्या वाटेने होणार नाही, पूर्ण मंडळापुढे जाईल."

"माझं फक्त बोलणं आहे, डॉक्टर फार्बर. सुई वगैरे काही टोचणार नाहीये."

"मला ठाऊक आहे. पण नियम सुई टोचणाऱ्यांसाठी केलेत आणि लागू सगळ्यांना आहेत."

सप्टेंबरात तिने अर्ज भरला. 'सहभागीशी नातं' असा रकाना होता, त्यात 'मुलगी' लिहिलं. ऑक्टोबरच्या बैठकीत अर्ज परत आला. बोलताना सहभागीला मानसिक त्रास झाला तर कोणत्या समुपदेशकाचा फोन द्यायचा, ते लिहायचं राहून गेलं होतं. तिने नंबर शोधला. समुपदेशक मार्केट नावाच्या शहरात होता, गाडीने दीड तासावर. तो लिहून अर्ज पुन्हा दिला. पुढची बैठक नोव्हेंबरच्या तिसऱ्या सोमवारी.

मंडळाचा चिटणीस डेल बुशार. गावचाच. मार्लिस त्याच्या खिडकीशी गेली तेव्हा तो काचेतून बाहेर बघत म्हणाला, "तिसरा सोमवार म्हणजे सतरा तारीख आहे, मार्लिस."

तिला पुढचं सांगायला लागलं नाही. पंधरा नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. त्या आठवड्यात इथे शाळा बंद असतात, कोर्टाच्या तारखा पुढे जातात, दाढ दुखली तर दुखू द्यावी लागते. मंडळातले दोघे रानातल्या खोपटात, तिसरा भावाच्या खोपटात, आणि डेल स्वतः बारा तारखेपासूनच.

"कोरम होणार नाही," डेल म्हणाला. "डिसेंबरात बघू. तोवर म्हातारा कुठे पळून जातोय."

मग त्याला म्हाताऱ्याच्या नळीची आठवण झाली असावी. त्याने टेबलावरचे कागद उगाच सरळ केले.

मार्लिसने मात्र तोवर सुरुवात केलेली होती.

त्याचं असं झालं. आर्वो पेल्टोमा बोलणारा माणूस नव्हता. या बाजूचे फिनिश, म्हणजे फिनलंडहून आलेल्या घराण्यांतले, म्हातारे तसेही तोंडाला फारसं कामाला लावत नाहीत, पण आर्वो त्यांच्यातही उठून दिसायचा. तो बोलायचा ते फक्त शनिवारी, सौनामधून बाहेर आल्यावर. घरामागची लाकडी खोली, आत शेगडी आणि तापलेले दगड, बाहेरच्या बाजूला कपडे बदलायची चिंचोळी जागा. आधी पुरुष, मग बायका, हा क्रम. आई गेल्यापासून पुरुष म्हणजे आर्वो आणि बायका म्हणजे मार्लिस. डॉक्टरांनी सौना बंद करायला सांगितलं होतं. आर्वोने ते ऐकून घेतलं आणि पुढच्या शनिवारी नळी काढून, आगीजवळ नको म्हणून सिलेंडर पायरीवर ठेवून, नेहमीसारखा आत गेला. बाहेर आला की टॉवेल गुंडाळून, डोक्यावर लोकरी टोपी घालून, नळी परत नाकाशी लावून तो बाकावर बसे. मार्लिस त्याच्या हातात पातळ कॉफी देई. तो बाहेर आल्यापासून ती आत जाईपर्यंतचा जो वेळ, तेवढंच त्या घरातलं आठवड्याचं संभाषण.

ऑक्टोबरात अर्ज परत आला त्या शनिवारी तिने रेकॉर्डर टोपलीतल्या टॉवेलांवर ठेवला.

"पा, रेकॉर्ड करू?"

"कशाला?"

"कॉलेजला पाहिजे."

"कॉलेजला माझ्याकडून काय पाहिजे?"

"मिल बंद झाल्यावर काय झालं ते."

"मिल बंद झाली."

"आणि नंतर?"

"नंतर बंदच राहिली." त्याने कॉफीचा घोट घेतला. "पास झालीस का एवढ्यावर?"

पहिल्या शनिवारी एवढंच. दुसऱ्या शनिवारी तो मिलच्या शेवटच्या दिवसाच्या केकबद्दल बोलला. कंपनीने केक मागवला होता, वर निळ्या साखरेत 'धन्यवाद' लिहिलेलं. कोणी कापायला तयार होईना. शेवटी मुकादमानेच कापला आणि एकट्याने खाल्ला. तिसऱ्या शनिवारी मार्लिस थांबून राहिली आणि तो आपण होऊन मशीनवर आला.

मिल बंद झाल्यावर कंपनीने दोन नंबरचं कागद मशीन परदेशी विकलं. ते उघडायला, तुकडे रंगाने नंबर टाकून पेट्यांत भरायला, जुन्यातलीच काही माणसं हवी होती. गावात ठरलं की कोणी जायचं नाही. मशीन जागेवर राहिलं तर कोणी ना कोणी मिल पुन्हा चालू करील, अशी आशा होती. आर्वो गेला. त्यानंतर फिनिश हॉलमध्ये, म्हणजे गावातल्या फिनिश लोकांच्या जमायच्या जागी, पत्त्यांच्या टेबलावर कोणी त्याला जोडीदार घेतलं नाही. कोणी भांडलं नाही, कोणी शिवी दिली नाही. तो येऊन बसला की खुर्च्या भरलेल्या असायच्या. मार्लिस तेव्हा सोळा वर्षांची. शाळेच्या बसमध्येही तेव्हापासून तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली होती. ती समजायची, आपले दात पुढे आहेत म्हणून.

"का गेलात मग?" तिने विचारलं.

आर्वोने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "मशीन मला ठाऊक होतं. दुसऱ्याने उघडलं असतं तर मोडलं असतं."

"पण ते जाणारच होतं ना गावातून."

"जाणार म्हणून काय मोडून पाठवायचं?"

कामावरच्या अशा निष्ठेला अभ्यासक्रमात नाव होतं. आणखी काही बोलायला त्याने तोंड उघडलं, पण खोकला आला आणि बराच वेळ गेला नाही. "पुढच्या शनिवारी," तो म्हणाला. "जा आत. दगड निवताहेत."

पुढच्या शनिवारी हरणांचा हंगाम उघडला. सकाळी रानातून गोळ्यांचे आवाज येत होते. आर्वोला उठवेना. सौना पेटला नाही. मार्लिसने सूप केलं, त्याने चमचा हातात धरून ठेवला आणि तो नंतर तसाच खाली ठेवला. जेवलात का, हे तिने विचारलं नाही. तिला फ्रीज उघडायची गरज नव्हती.

सोमवारी बैठक झाली नाही. मंगळवारी डॉ. फार्बर वर्गात म्हणाल्या, अहवाल डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मुदतवाढ मिळणार नाही, विभागच शिल्लक नाही तर वाढवायचं काय.

बुधवारी दुपारी मार्लिसने कामावरून लवकर येऊन सौना पेटवला.

गल्लीत ते लगेच दिसलं. इथे बुधवारी सौना कोणी पेटवत नाही. पूर्वी आठवड्याच्या मध्ये धुराडं दिसलं तर लोक समजायचे की बाळंतपण आहे किंवा प्रेत धुवायचंय. आर्वोने खिडकीतून धूर पाहिला.

"आज बुधवार ना?"

"हो, पा."

"कोण मेलं?"

"कोणी नाही. म्हटलं, शनिवार चुकला तुमचा. अंग शेकून निघेल."

तो खुर्चीतून उठला नाही. "आज नको, पोरी. अंगात नाही."

"बर्चची लाकडं टाकलीत मी. चांगली वाळलेली. वाया जातील."

हे म्हणताना ती त्याच्याकडे बघत नव्हती, कॉफीचा डबा उघडत होती. पेटवलेला सौना वाया घालवणं आर्वो पेल्टोमाला जमणारं नव्हतं, आणि हे तिच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. थोड्या वेळाने त्याने नळी काढली.

आत तो फार थांबला नाही. बाहेर आला तेव्हा ओठ निळसर होते. तिने नळी लावली, टोपी घातली, कॉफी दिली. टॉवेलांवर रेकॉर्डर होता. त्याने तो बघितला आणि काही न विचारता बोलायला लागला, जसा माणूस पाळीवर हजेरी लावतो.

मशीनच्या शेवटच्या पेट्या भरताना त्याने दोन तुकड्यांचे नंबर मुद्दाम उलटे टाकले होते. वाळवणीच्या रुळांचे. बाहेरून सारखे दिसतात, पण उलटे बसवले तर मशीन चालू होतं आणि कागद फाटत राहतो; का फाटतो ते वर्षभर कळत नाही. गावासाठी केलं, तो म्हणाला. हॉलमधल्या लोकांसाठी. म्हटलं, कधी तरी कोणाला तरी सांगीन, आणि मग खुर्ची रिकामी असेल.

"मग?"

"दुसऱ्या दिवशी जाऊन पेटी उघडली. नंबर बरोबर केले."

"का?"

त्याने नाकाशी नळी सरळ केली. "तिकडे ते मशीन चालवायला जो उभा राहणार, त्याने माझं काय केलं होतं?" मग म्हणाला, "हे कोणाला सांगितलं नाही. दोन्ही बाजूंनी शिव्या मिळाल्या असत्या."

रेकॉर्डरवर पुढे कप ठेवल्याचा आवाज होता, मग "आता घाल वाया जी घालायचीत ती लाकडं", आणि त्याचं हसणं, जे खोकल्यात गेलं. मार्लिस त्या दिवशी आत गेली नाही.

रविवारी सकाळी आर्वो पेल्टोमा वारला. डॉक्टरांनी लिहिलं : फुप्फुसं निकामी. चर्चच्या बायकांनी हॅमचे सँडविच केले. फिनिश हॉलमधून एक फुलांचं चक्र आलं, त्यावर नाव नव्हतं, फक्त 'हॉल' असं होतं. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी मंडळाची बैठक भरली, सदस्यांच्या हनुवट्यांवर अजून हंगामाच्या दाढ्या होत्या, आणि मार्लिस जे. ट्रेवॅरो यांना आर्वो पेल्टोमा यांची मुलाखत घ्यायला एकमताने मंजुरी देण्यात आली.

तिने अहवाल वेळेत दिला. डॉ. फार्बरनी तिला बोलावलं तेव्हा खोलीत बसायला खोकंच होतं.

"फार चांगलं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "मी इथे आल्यापासून वाचलेल्यांत सगळ्यात चांगलं. मार्लिस, तारीख."

"कुठली तारीख?"

"मुलाखतींची. सगळ्या मंजुरीच्या आधीच्या आहेत."

"हो. तेव्हा ते जिवंत होते."

डॉ. फार्बरनी चष्मा काढून डोळे चोळले. "तुम्ही तारीख लिहिलीच नसती तर मी विचारलं नसतं."

"तारखेचा रकाना होता, डॉक्टर फार्बर."

प्रकरण मंडळाकडे गेलं. जायलाच हवं होतं. हंगाम संपल्यावर मंडळाला वेळच वेळ होता. निर्णय सौम्य आला, तसं त्यात लिहिलंही होतं. हेतू वाईट नव्हता. श्रेणी 'अपूर्ण' ठेवून विद्यार्थिनीला जानेवारी अखेरपर्यंत दुसऱ्या सहभागीची, मंजुरी घेऊन, मुलाखत घेता येईल. मात्र विनापरवाना मिळवलेली सामग्री विभागप्रमुख आणि चिटणीस यांच्यासमक्ष नष्ट करून, तिची प्रत कुठेही नाही असं लिहून सही करावी. नाही केली, तर अट अपूर्ण. अट अपूर्ण तर मायनर अपूर्ण. मायनर अपूर्ण तर पदवी नाही. पुढचं काउंटीचा साहेब सांगणार होताच.

ठरल्या दिवशी डॉ. फार्बरच्या खोलीत तिघं बसले. टेबलावर रेकॉर्डर. डेल बुशारने कागद काढले.

"एक विचारू?" मार्लिस म्हणाली. "आता ते वारलेत. मेलेल्या माणसासाठीपण मंजुरी लागते?"

"नाही. नियमात व्यक्ती म्हणजे जिवंत व्यक्ती. मेलेल्यांची पत्रं, डायऱ्या, काय हवं ते वापरा."

"म्हणजे आता लागत नाही."

"आता लागत नाही. तेव्हा लागत होती." त्याला स्वतःलाच ते ऐकवेना. "मी नियम करत नाही, मार्लिस."

"तुला कोण काय म्हणतंय, डेल." तिने हात मांडीवर ठेवले होते. "बुधवारी सौना मी पेटवला होता. ते नको म्हणत होते. हे कशात लिहायचं?"

डेलने पहिलं पान बघितलं, दुसरं उलटलं, मागची बाजू पाहिली.

"ते यात येत नाही."

"मग कशात येतं?"

"कशातच येत नाही."

डॉ. फार्बर एकदम उठल्या. "मी कॉफी आणते. डेल, तुम्हीही चला, तीन कप मला धरता येणार नाहीत. आम्हाला वेळ लागेल, मार्लिस. यंत्र फार हळू आहे. माझा कॉम्प्युटर चालूच आहे, तुम्हाला काही बघायचं असेल तर."

दार ओढून घेतल्याचा आवाज झाला. कॉफीचं यंत्र जिन्याशेजारीच होतं आणि ते काही हळू नव्हतं. मार्लिसला इशारा कळला नाही असं नाही. रेकॉर्डरची वायर तिच्या पर्समध्ये होती. समोर कागद पडला होता, त्यावर लिहिलेलं होतं, 'याची प्रत कुठेही अस्तित्वात नाही', आणि खाली तिच्या सहीची रेघ. वीस वर्षं तिच्या सहीखाली जे असे ते खरं असे. त्या सहीसाठीच हे सगळं चाललं होतं. आणि ज्याने उलटे टाकलेले नंबर दुसऱ्या दिवशी जाऊन सरळ केले, त्याच्या आवाजाची प्रत खोटी सही करून ठेवायची, हे तिला जमेना. ते दोघं गेले तेव्हा ती जशी बसली होती, परत आल्यावर त्यांना तशीच बसलेली दिसली. डॉ. फार्बरनी कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि कॉफी टेबलावर ठेवताना सांडली.

डेलने रेकॉर्डर हातात घेतला. बटणावर अंगठा ठेवून तो थांबला.

"माझे वडील तुझ्या वडिलांबद्दल बोलायचे," तो म्हणाला. "म्हणजे बोलायचे नाहीत. कळलं ना तुला."

"ऐकायचंय? मशीनचं आहे त्यात."

डेलने दाराकडे बघितलं. "मला ऐकता येत नाही. विनापरवाना सामग्री."

"मग दाब."

यंत्राने विचारलं, नक्की पुसायचं का. त्याने होय दाबलं. मग मार्लिसने सही केली.

दुसरा सहभागी मिळायला वेळ लागला. शेवटी डेलनेच सुचवलं आणि मंडळाच्या त्या बैठकीतून स्वतः उठून बाहेर गेला. त्याचे वडील नॉर्बर्ट बुशार शुश्रूषागृहात होते, काउंटीच्या यादीबाहेर, छाती ठणठणीत, आणि बोलायला कोणी मिळालं तर हवंच होतं. समुपदेशकाचा नंबर तोच चालला. संमतिपत्रावर नॉर्बर्टने मोठ्या अक्षरांत सही केली.

"तू आर्वोची पोर ना?" त्याने विचारलं. "दात सरळ केलेस वाटतं."

"हो, मिस्टर बुशार."

तो दोन तास बोलला. केकबद्दलही बोलला, त्याच्या सांगण्यात केक कोणीच खाल्ला नाही, सरोवरात फेकला. मग म्हणाला, "मिल पुन्हा चालू झाली असती. मशीन होतं तोवर आशा होती. आपल्यातल्याच चौघांनी उघडून विकायला मदत केली. नावं मी घेत नाही."

संशोधनपद्धतीच्या तासाला शिकवलेलं होतं, की सहभागीचं म्हणणं दुरुस्त करू नये, त्याच्या शब्दांत लिहून घ्यावं.

"का घेत नाही?" मार्लिसने विचारलं.

"मेलेल्यांबद्दल काय बोलायचं. गेलं ते." मग म्हणाला, "पत्ते मात्र चांगले खेळायचा."

"त्यांच्या जाण्याचं कारण काय असेल, असं तुम्हाला वाटतं?"

"पैसा. दुसरं काय असतं?"

तिने ते लिहून घेतलं. नव्या अहवालात, 'सामुदायिक बहिष्काराची कारणमीमांसा' या मथळ्याखाली, ते वाक्य अवतरणचिन्हांत आहे. आता मिलबद्दल युनिव्हर्सिटीच्या कपाटात जे आहे ते एवढंच. डॉ. फार्बरनी 'बी प्लस' दिला आणि अहवालाच्या शेवटी पेन्सिलीने काही तरी लिहून खोडलं. उन्हाळ्यात खोकी घेऊन त्या बाल्टिमोरला परत गेल्या. विभागाच्या दारावरची पाटी उतरवली, चार भोकं राहिली.

समारंभाला मार्लिस गेली नाही. शनिवार होता. सौना तिने पेटवला नाही, पण सिलेंडर ठेवायची पायरी झाडून घेतली. पदवीपत्र टपालाने आलं, जाड कागदावर, कडेला सोनेरी रेघ. तिने बोटांनी कागद चोळून बघितला आणि उजेडाकडे धरला. कागद चांगला होता. मग पुढून वाचला, मागून वाचला, आणि डेलला फोन केला.

"समाजशास्त्र कुठे दिसत नाही, डेल."

"ते गुणपत्रिकेवर असतं. अर्ज केलास तर पाठवतील."

काउंटीच्या कार्यालयाने पदवीपत्राची एक झेरॉक्स मागितली, गुणपत्रिका मागितली नाही. अहवालांवर आता पुन्हा तिची सही असते. युनिव्हर्सिटीत तिची नोंद पूर्ण आहे : विद्यार्थिनी : ट्रेवॅरो, मार्लिस जे. मायनर : समाजशास्त्र. स्थिती : सर्व अटी पूर्ण.

पदवीपत्रावर मायनर छापत नाहीत.